ताज आणि वॉटसन : हेरिटेज वॉकमध्ये नेमकं काय दाखवायचं?

पायपीट

मंडळी, डिसेंबरातल्या एका रविवारी पंचवीसेक जणांना घेऊन अपोलो बंदर ते काळा घोडा अशी फेरी करायची आहे. विषय इंग्रजी अमदानीतली हॉटेलं. सुरुवात ताजपासून, शेवट वॉटसन हॉटेलपाशी, म्हणजे आताच्या एस्प्लनेड मॅन्शनपाशी. मध्ये जेमतेम एक किलोमीटर अंतर आहे.

अडचण अशी की या दोन इमारतींबद्दल जे काही सांगितलं जातं ते सगळं गोष्टीरूप. ताज उलटा बांधला गेला, वास्तुरचनाकाराने जीव दिला, ताज उभारणाऱ्या जमशेटजी टाटांना वॉटसनच्या दारात अडवलं, वगैरे. यातलं किती टिकतं? आणि गोष्टी काढून टाकल्या तर मागे काय उरतं?

दुसरं, वॉटसन 'लोखंडी इमारत' आहे हे फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला पटवायचं कसं? लांबून तर एखादी मोडकळीला आलेली चाळच वाटते. 'लोखंडाची आहे तर पडायला का आली?' आणि 'वेल्डिंग मारून सरळ का करत नाहीत?' हे दोन प्रश्न हमखास येतात. नीट उत्तर हवं आहे.

तिसरं, वेळ आणि उभं राहायच्या जागा.

---

दप्तरदार

गोष्टींपासून सुरू करू.

उलटा ताज : खोटं. मुद्दाम तसाच बांधला आहे. जुन्या इमारतीचा आराखडा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आहे. 'यू'चं उघडं तोंड शहराकडे, पाठ समुद्राकडे. घोडागाड्या शहरातून यायच्या, त्यामुळे प्रवेश त्या बाजूने. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे तेव्हाचं पुढचं अंगण होतं. पुढे ती बाजू बंद झाली, ये-जा समुद्राकडून सुरू झाली आणि लोकांना पाठ हाच चेहरा वाटू लागला. गेटवेमुळे हा गैरसमज आणखी पक्का होतो. ताज उघडला १६ डिसेंबर १९०३ ला आणि गेटवेचं उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. मधली एकवीस वर्षं समोर गेटवे नव्हताच. 'गेटवेकडे पाठ केली' हा आरोप म्हणजे आजोबांनी स्वतःच्या लग्नाला नातवाला बोलावलं नाही म्हणण्यासारखं आहे.

जीव देणारा वास्तुरचनाकार : हेही खोटं, आणि याचा राग यावा असं खोटं. कारण या दंतकथेत एक अनामिक साहेब विलायतेहून येतो, चूक बघतो आणि उडी मारतो. मूळ आराखडा केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांनी. वैद्य हे व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कामावर एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या हाताखाली सहायक अभियंता होते. ताजचं काम पुरं होण्याआधीच ते वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने ते तडीस नेलं. साहेबाची गोष्ट सर्वांना पाठ आणि वैद्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. तुमच्या फेरीत पहिलं नाव वैद्यांचं घ्या.

जमशेटजी आणि वॉटसनचा दरवाजा : वॉटसन फक्त युरोपियनांसाठी होतं हे खरं. पण अपमानाचा सूड म्हणून ताज उभारला, याला भक्कम पुरावा नाही. चार्ल्स ॲलन या इतिहासकाराने यावर स्पष्ट शंका घेतली आहे. त्याच्या म्हणण्यानुसार मुंबईला साजेसं हॉटेल हवं असा आग्रह टाइम्स ऑफ इंडियाच्या संपादकांचा होता. काळही ध्यानात घ्या. १८९६ साली शहरात प्लेग आला, व्यापाराला आणि शहराच्या नावाला धक्का बसला. अशा दिवसांत गिरण्यांतून पैसा केलेल्या माणसाने बंदरावर एवढी रक्कम घालावी, याचा अर्थ सूडापेक्षा शहरावरच्या भरवशातून जास्त चांगला लागतो. 'अशी गोष्ट सांगतात, पुरावा नाही' एवढं एका वाक्यात सांगून पुढे जा.

काय सांगावं त्यातलं थोडं : वीज, अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की हमाम. पंखा आणि जोडून न्हाणीघर असलेली खोली १३ रुपये, जेवणखाणासकट २० रुपये. पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं इस्पितळ झालं. जमशेटजी मात्र हॉटेल उघडल्यावर पुरते सहा महिनेही जगले नाहीत. मे १९०४ मध्ये जर्मनीत बाड नाउहाइमला ते वारले. शेजारचा उंच टॉवर १९७३ चा, त्या जागी आधी ग्रीन्स हॉटेल होतं.

वॉटसनची एकच तारीख पाठ करा : ७ जुलै १८९६. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा तिथे दाखवली, तिकीट एक रुपया. आठवड्याभरात, १४ जुलैपासून, खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे स्वस्त जागाही ठेवल्या. म्हणून 'भारतीयांनी सिनेमा पहिल्यांदा वॉटसनमध्ये पाहिला' असं सरसकट सांगू नका. वॉटसनमध्ये तो दाखवला गेला, सर्वसामान्य मुंबईकराला तो बघायला मिळाला तो नॉव्हेल्टीत.

---

ओतीव

दप्तरदारांशी सहमत. आता लोखंडाकडे येतो.

वॉटसनचा सांगाडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचं छप्पर आणि आल्बर्ट पूल यांत याचा हात आहे. सुटे भाग इंग्लंडात ओतले, जहाजाने आणले आणि १८६७ ते १८६९ दरम्यान इथे जुळवले. भिंती नुसत्या भरावाच्या, भार सगळा लोखंडावर. आज काँक्रीटच्या प्रत्येक इमारतीत हेच करतो, पण त्या काळात राहत्या बहुमजली इमारतीला बाहेरूनसुद्धा भिंतीऐवजी लोखंडानेच पेलणं हे जगातही विरळ होतं.

फुटपाथवरून पटवायचं असेल तर दोन प्रकारचं लोखंड ओळखायला शिकवा.

एक म्हणजे बीड, ओतीव लोखंड. खांब, ब्रॅकेट, कठड्याची नक्षी या गोष्टी त्याच्या. नक्षीच्या कडा धारदार आणि दर खांबावर हुबेहूब सारख्या, कारण साचा एकच. खांबाच्या अंगावर उभी बारीक रेघ दिसली तर ती साच्याचे दोन अर्धे जुळल्याची खूण. रिवेट (डोकं ठोकून बसवलेले जाड खिळे) नाहीत.

दुसरं घडीव लोखंड. त्या काळच्या अशा सांगाड्यांत आडव्या तुळया आणि ताणात काम करणारे भाग बहुधा याचे. पट्ट्या आणि कोन रिवेटने जोडलेले. गंजलं की पापुद्रे सुटतात, खारी बिस्किटासारखे.

चुंबक घेऊन येणारा एखादा असतोच. दोन्हीला चिकटतं, उपयोग शून्य.

'लोखंडाची असून का पडते?' याचं उत्तर बीडाच्या स्वभावात आहे. बीड दाबाला फार चिवट आणि ताणाला कच्चं. बरोबर डोक्यावर ओझं ठेवा, दीडशे वर्षं उभं राहील. तेच ओझं बाजूला सरकलं की खांब वाकायला बघतो, एका अंगाला ताण येतो आणि तो आधी न वाकता, न इशारा देता तडकतो. पोलाद वाकून सांगतं, बीड सांगत नाही.

आता ओझं किती वाढतं ते हिशेबाने बघा. हॉटेलच्या खोलीला आजच्या भारतीय मानकात चौरस मीटरला २०० किलो चल भार (माणसं, सामान यांचा बदलता भार) धरतात, दप्तरखान्याला ५०० किलो. अशा इमारतीत खोल्यांचे तुकडे पडून कार्यालयं येतात तेव्हा फायलींची कपाटं येतात. साडेचार इंची विटेची, तीन मीटर उंच, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत घातली तर धावत्या मीटरला, म्हणजे लांबीच्या दर मीटरला, सुमारे ८०० किलो. नऊ इंची असेल तर १,४०० च्या पुढे. गच्चीत गळती थांबवायला १०० मिलिमीटर कोबा (पाणी अडवणारा जाड थर) केला की चौरस मीटरला १८० ते २०० किलो, आणि गळती परत आली की आधीचा न काढता त्यावर दुसरा थर. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन, तीही बहुतेक वेळा सज्ज्यात ठेवलेली. सज्जा बाहेर काढलेला असतो, तेव्हा ते ओझं खांबाला बरोबर नको त्या दिशेने ओढतं.

दुसरा शत्रू पाणी. मोऱ्या आणि संडास जिथे मुळात नव्हते तिथे काढले की तुळईची टोकं कायम ओली राहतात. घडीव लोखंडाचा गंज मूळ धातूच्या सहा-सात पट जागा घेतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये तो फुगला की रिवेटची डोकी उडतात. भिंतीत गाडलेली तुळई फुगली की वीट ढकलते, भेग पडते, भेगेतून आणखी पाणी शिरतं. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा मारला तर आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. चुन्याचा गिलावा ओल सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं.

बीडाचा गंज याहून फसवा. खाऱ्या ओलीत लोखंड झिजून जातं आणि मागे ग्राफाइटचा सांगाडा राहतो. आकार तोच, नक्षी तीच, रंगाखाली सगळं ठीक वाटतं. सुरीचं टोक ओढलं तर शिसपेन्सिलीसारखी काळी मऊ भुकटी निघते. हातोडीने हलकेच वाजवलं तर खणखणीत आवाज येत नाही, बद्द येतो. (हे फेरीत करून दाखवू नका. त्या इमारतीला हात लावायचाच नाही.)

---

पायपीट

दोघांचेही आभार. 'पोलाद वाकून सांगतं, बीड सांगत नाही' हे उचलतो आहे.

वेल्डिंगचं राहिलं. आणि 'पाडून तशीच नवी बांधा' म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

---

ओतीव

वेल्डिंग : बीडात कार्बन अडीच ते चार टक्के असतो. साध्या पोलादात पाव टक्क्याच्या आसपास. वेल्डिंगने एक जागा लाल होते आणि शेजारचं थंडच राहतं. निवताना सांध्याला लागून काचेसारखा कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि जुन्या भेगेच्या बोटभर अंतरावर नवी भेग पडते. कारखान्यात सुटा भाग भट्टीत तापवून, निकेलचा रॉड वापरून, राखेत किंवा वाळूत गाडून दिवसभर निववला तर जमतं. भार घेऊन उभ्या असलेल्या खांबावर नाही.

त्याऐवजी थंड टाचणी करतात, म्हणजे न तापवता भेग टाचून घेतात. क्रम असा. आधी वरच्या तुळईला टेकू देऊन खांबावरचा भार उतरवायचा. भेगेच्या दोन्ही टोकांना एकेक भोक पाडायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग भेगेला आडवी भोकांची माळ पाडून त्यात निकेल मिश्रधातूची कुलपं ठोकून बसवायची. शेवटी भेगेच्या रेघेवर एकमेकांत शिरणारे आटेदार स्टड घालून घासून सपाट करायचं. रंग दिल्यावर जागा सापडत नाही. फार खराब भाग असेल तर त्याच मापाचा नवा ओतून घ्यायचा. त्यासाठी लाकडी नमुना मूळ भागापेक्षा साधारण एक टक्का मोठा करावा लागतो, कारण बीड निवताना तेवढं आक्रसतं. हे विसरलं की ब्रॅकेटची भोकं जुळत नाहीत.

त्याआधीची तपासणी कुणी करत नाही, म्हणून लिहितो. पोकळ खांब आडवा ओतला असेल तर आतला गाभा साच्यात थोडा सरकलेला असतो. एका बाजूची जाडी दुसरीच्या निम्मी निघू शकते. म्हणून खांबाच्या पायथ्याशी, मध्ये आणि डोक्याजवळ, प्रत्येक ठिकाणी १२० अंशांवर तीन अशी नऊ मापं अल्ट्रासोनिकने घ्यायची. एकाच मापावर सगळ्या खांबाची ताकद काढली तर अहवाल एक तर उगाच घाबरवतो किंवा उगाच धीर देतो.

पाडून नवी बांधण्याबद्दल : वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. २०१९ मध्ये आयआयटीच्या तज्ज्ञांचा अहवाल पाडण्याच्या बाजूचा होता, वास्तुसंवर्धकांनी इमारत वाचू शकते असं मांडलं. माझं मत दुसऱ्या बाजूला. या इमारतीचा चेहरा हा वारसा नाहीच, वारसा तिचा सांगाडा आहे. काँक्रीटचे खांब करून त्यावर नक्षी चिकटवली तर उरेल ते त्याच आकाराचं एक नवं कार्यालय. पण खर्च आणि जोखीम दोन्ही मोठ्या आहेत, हे फेरीत लपवू नका. २००५ च्या जुलैत मागच्या बाजूचा सज्जा कोसळून एक जीव गेला आहे.

---

चुनेवाला

रंगाबद्दल थोडी भर. लोखंडी कठडा नाहीतर खांब असलेली इमारत मुंबईत पुष्कळांची आहे, त्यांनाही लागू पडेल.

पावसाळ्यात रंगवू नका. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं ते) किमान ३ अंश वर. मुंबईत हे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सहज जमतं, तेही सकाळी ऊन चढल्यावर. जुन्या थरांत शिशाचा रंग असणार असं धरूनच चाला. कोरडं घासू नका, ओलं करून खरवडा, भुकटी गोळा करा.

घासून उघडं केलेलं लोखंड त्याच पाळीत प्रायमरखाली (रंगाच्या पहिल्या थराखाली) गेलं पाहिजे. समुद्राजवळ रात्रभर ठेवलं तर सकाळी नारिंगी झालेलं असतं आणि त्यावर मारलेला प्रायमर वर्षात पोपड्यांसकट सुटतो. त्याआधी गोड्या पाण्याने धुवा. मीठ ब्रशने जात नाही, पाण्याने जातं. रिवेट, कडा, नक्षीचे खोलगट भाग आधी ब्रशने वेगळे रंगवायचे, कारण तिथेच थर पातळ बसतो. इपॉक्सी झिंक फॉस्फेट ७५ मायक्रॉन, मधला थर १२५, वर पॉलियुरेथेन ५०. एकूण २५०. कंत्राटदार 'तीन हात मारले' म्हणेल, तुम्ही जाडी मोजायचं यंत्र लावा.

एक दुरुस्ती. ओतीव यांनी सगळा दोष सिमेंटला दिल्यासारखं वाटतं. गच्चीवर चुन्याचा कोबासुद्धा उताराशिवाय केला तर तितकाच वाईट. शंभराला एक इतका तरी उतार हवा आणि नाळीचं तोंड दर पावसाआधी साफ.

---

ओतीव

मान्य. उतार नसेल तर चुनाही वाचवत नाही.

---

दप्तरदार

फेरीची आखणी.

सकाळी सव्वासातला गेटवेपाशी जमा. डिसेंबरात सूर्य सातच्या पुढेमागे उगवतो आणि ताजचा समुद्राकडचा चेहरा पूर्वेला असल्यामुळे ऊन थेट त्यावर येतं. नऊनंतर गर्दी आणि फोटोवाले. गेटवेच्या कमानीकडे पाठ करून उभं राहिलं की मधला मोठा घुमट आणि कोपऱ्यांतले छोटे घुमट एका नजरेत बसतात. इथे वैद्यांचं नाव, त्यांचं व्हीटीचं काम आणि उलटेपणाची गोष्ट. पंधरा मिनिटं पुरेत.

मग सगळ्यांना वळसा घालून मागे मेरीवेदर रोडवर न्या. हे बहुतेक जण करत नाहीत आणि इथेच खरी गंमत आहे. गल्लीत उभं राहून विचारा, घोडागाडीतून आलो असतो तर दार कुठे असतं? 'यू'चे दोन हात या बाजूला येतात हे लोकांना स्वतःला उमगू द्या. आत लॉबीत जायचं असेल तर पंचवीस जण एकदम नेऊ नका. सुरक्षा तपासणीत अर्धा तास जातो आणि पाहुण्यांना त्रास होतो. आधी हॉटेलला कळवा नाहीतर बाहेरूनच भागवा. २००८ च्या हल्ल्याबद्दल लोक विचारतील. जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडली, एवढं सांगा. कुठल्या खिडकीतून काय झालं याची सहल करू नका.

तिथून रीगल चौक, मग महात्मा गांधी रोडने उत्तरेला. उजव्या हाताला संग्रहालय आणि जहांगीर कलादालन. डाव्या हाताला ओळीने एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून लायब्ररी, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि शेवटी वॉटसन. ही ओळ २०१८ साली जागतिक वारसा ठरलेल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहात येते. ससून लायब्ररीपाशी दोन मिनिटं थांबा आणि दगडी भिंत किती जाड आहे ते कमानीच्या खोबणीत बघायला लावा. तीच भिंत डोक्यात ठेवून पुढे वॉटसन बघितली की फरक आपोआप कळतो. इथे भिंत नाही, खांब आणि पोकळी आहे.

वॉटसनसमोर उभं राहायचं ते रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर. सज्ज्यांखालून कुणालाही जाऊ देऊ नका, फोटोसाठीसुद्धा. इथून साच्याची रेघ नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, तेव्हा आठपटीच्या दोन-तीन दुर्बिणी न्या आणि आळीपाळीने फिरवा. जाळ्या किंवा परांची असेल तर जेवढा कोपरा मोकळा असेल तेवढ्यावर काम चालवा. एकच खांब घ्या. खालून वर, ब्रॅकेट, सज्जा, कठडा, पुढचा खांब. भार वरून खाली कसा उतरतो ते बोटाने दाखवा.

पंचवीस जण एका फुटपाथवर मावत नाहीत. दोन गट करा, एक ससूनपाशी तर दुसरा वॉटसनपाशी, मग अदलाबदल. सगळं मिळून दोन तास.

---

पायपीट

मेरीवेदर रोड डोक्यातच आला नव्हता. दुर्बिणी जमवतो. भिंती आणि टाकीच्या ओझ्याचा हिशेब कागदावर छापून वाटला तर चालेल ना?

---

ओतीव

चालेल. फक्त 'धावत्या मीटरला' हे शब्द गाळू नका. नाहीतर कुणीतरी अख्ख्या भिंतीचं वजन ८०० किलो सांगत सुटेल आणि त्याची नवी दंतकथा होईल.